विश्लेषण : दातात भरलेले पांढरे सिमेंट किती मजबूत? दाताची ताकद मोजणारे जी. व्ही. ब्लॅक आजही का आठवतात?

दाढ किडली की दवाखान्यातल्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला आज एक प्रश्न विचारला जातो. चांदी भरायची की दाताच्या रंगाचे सिमेंट? बहुतेक जण पांढरे मागतात. मग लगेच दुसरी शंका येते, की हे टिकेल ना? मजबूत आहे ना? या शंकेचे उत्तर अंदाजाने न देता यंत्रावर मोजून द्यायचे, असे ठरवणारा दंतवैद्य अमेरिकेत १९ व्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव ग्रीन वार्डिमन ब्लॅक. पांढऱ्या फिलिंगची ताकद समजून घ्यायची तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

चांदीचे फिलिंग म्हणजे अमाल्गम. चांदी, कथील, तांबे यांचा कीस पाऱ्यात कालवून ते तयार होते. दीडशेहून अधिक वर्षे दाढांमध्ये ते भरले गेले. मात्र पाऱ्यामुळे पर्यावरणाची हानी होते म्हणून मिनामाता कराराअंतर्गत जगभर त्याचा वापर कमी केला जात आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, काही अपवाद वगळता, त्यावर बंदी घातली. भारतातही शहरी दवाखान्यांत पांढऱ्या फिलिंगलाच मागणी आहे.

म्हणजे पूर्वी समोरच्या दातांपुरते असलेले पांढरे फिलिंग आता दाढेतही जाते. समोरच्या दाताने आपण पेरूचा तुकडा तोडतो, पण दाढेने सुपारी, चिक्की, फुटाणे चावतो. दोन्ही ठिकाणचा भार वेगळा आहे. हा फरक आकड्यांत मांडण्याचे काम ब्लॅक यांनी केले.

कोण होते जी. व्ही. ब्लॅक?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात विंचेस्टर गावाजवळ ३ ऑगस्ट १८३६ रोजी त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही आणि औपचारिक शिक्षणही जेमतेम झाले. रानात भटकणे, झाडे-प्राणी न्याहाळणे, हाताने वस्तू बनवणे हीच त्यांची शाळा होती. १७ व्या वर्षी ते डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडे राहायला गेले आणि तिथे वैद्यक शिकू लागले. १८५७ मध्ये एका दंतवैद्याच्या हाताखाली काही महिने उमेदवारी केली आणि विंचेस्टरमध्ये स्वतःचा दवाखाना थाटला.

त्या काळी यात नवल नव्हते. दात काढणे, भरणे हा तेव्हा कारागिरीचा धंदा होता. सुतार किंवा घड्याळजी जसा गुरूकडे राहून शिकतो, तसेच दंतवैद्य शिकत. ब्लॅक यांनी दंत महाविद्यालयात बसून पदवी घेतली नाही. पुढे मिळालेल्या पदव्या सन्मानार्थ होत्या. ज्यांच्या नावाने आज जगभरची दंत महाविद्यालये शिकवतात, तो माणूस स्वतः कुठल्याही दंत महाविद्यालयाचा विद्यार्थी नव्हता.

यादवी युद्धाने त्यांचे आयुष्य कसे बदलले?

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा ब्लॅक उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले आणि टेहळणीचे काम करू लागले. गुडघ्याला दुखापत झाल्याने त्यांना सैन्य सोडावे लागले. याच वर्षांत त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. घर मोडलेले, पाय दुखावलेला आणि हातात अर्धवट शिकलेला धंदा अशा अवस्थेत ते १८६४ मध्ये इलिनॉयमधल्याच जॅक्सनव्हिल गावी आले. पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले आणि पुन्हा संसार उभा केला.

जॅक्सनव्हिलमध्ये ते तीसहून अधिक वर्षे राहिले. दिवसा रोगी आणि रात्री सूक्ष्मदर्शक व पुस्तके असा त्यांचा क्रम होता. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, ऊतींचा अभ्यास हे सगळे ते स्वतःच शिकले. पायाने चालवायचे, दोरीवर फिरणारे ड्रिलचे यंत्रही त्यांनी बनवले. रोग्याच्या तोंडात काम करताना दोन्ही हात मोकळे राहावेत, हा त्यामागचा साधा विचार होता. १८८४ मध्ये सूक्ष्मजंतू विष कसे तयार करतात यावर त्यांचे पुस्तक आले. गावातला दंतवैद्य जंतुशास्त्रावर पुस्तक लिहितो, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

फिलिंगची ताकद मोजावी असे का वाटले?

तेव्हा दात भरण्याचा उत्तम मार्ग म्हणजे सोन्याचा वर्ख. तो ठोकून ठोकून खड्ड्यात बसवला जाई. काम नाजूक, वेळखाऊ आणि महाग होते. गरिबाला परवडे ते अमाल्गम. पण त्याची बदनामी इतकी होती, की १८४० च्या दशकात अमेरिकेतील दंतवैद्यांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेने सभासदांकडून ते न वापरण्याची हमी लिहून घेतली. त्या वादात संघटनेत फूट पडली आणि १८५६ मध्ये ती बंदही झाली.

या भांडणात एक गोष्ट कोणीच नीट केली नव्हती, ती म्हणजे मोजमाप. एका दंतवैद्याचे अमाल्गम वीस वर्षे टिके, दुसऱ्याचे वर्षभरात कडेने सुटे. प्रत्येक जण आपल्या अनुभवावर ठाम होता. ब्लॅक यांनी हा वाद प्रयोगशाळेत नेला. फिलिंग घट्ट होताना किती फुगते, किती आकसते हे मोजणारे सूक्ष्ममापक त्यांनी बनवले. दाब देऊन पदार्थ कधी चुरतो, कधी नुसता चेपतो हे पाहणारे यंत्र तयार केले.

त्यातून कळले, की दोष मिश्रणाच्या प्रमाणात आणि तयारीत होता. एकाच धातूचा ताजा कीस आणि काही काळ ठेवलेला किंवा गरम केलेला कीस पाऱ्यात वेगळे वागतात. १८९५-९६ च्या सुमारास त्यांनी सुमारे दोन तृतीयांश चांदी, उरलेल्यात मुख्यतः कथील आणि थोडे इतर धातू असे संतुलित मिश्रण मांडले. ते ना फार फुगत होते, ना फार आकसत होते. पुढे कित्येक दशके चांदीचे फिलिंग याच पायावर बनत राहिले. गरिबाच्या दाढेला भरवशाचे औषध मिळाले ते या मोजणीमुळे.

चावण्याचा जोर किती असतो?

पदार्थ किती भार सोसतो हे कळून पुरत नाही. तोंडात भार किती पडतो हेही कळायला हवे. म्हणून ब्लॅक यांनी माणसाच्या चाव्याचा जोर मोजणारे उपकरण वापरले आणि वेगवेगळे अन्न दाताखाली चुरडायला किती जोर लागतो हेही यंत्रावर तपासले.

आजच्या मोजणीनुसार निरोगी प्रौढ माणूस दाढांवर पूर्ण ताकदीने चावला तर साधारण ५० ते ७० किलो वजनाइतका जोर पडतो. रोजच्या जेवणात तो याच्या कितीतरी कमी असतो. पण आकडा इथे संपत नाही. हा जोर साऱ्या दाढेवर सारखा पसरत नाही, वरची आणि खालची दाढ काही ठिपक्यांवरच टेकते. समजा ६० किलोचा जोर चार चौरस मिलिमीटर जागेवर आला, तर तिथला दाब सुमारे १५० मेगापास्कल होतो. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे दहा किलोचा भार. भाकरीत खडा आला की फिलिंगचा टवका का उडतो, ते या हिशेबातून कळते.

माझे दातच मऊ, हे खरे आहे का?

दात किडले की अनेक जण दोष जन्मजात मऊपणाला देतात. ब्लॅक यांच्या काळी डॉक्टरही हेच मानत. कठीण दातात सोने आणि मऊ दातात मऊ फिलिंग भरावे, असा सल्ला दिला जाई. ब्लॅक यांनी काढलेले दात गोळा केले, त्यांची घनता, त्यातील क्षारांचे प्रमाण आणि ताकद तपासली. १८९५ मध्ये ही मालिका ‘डेंटल कॉसमॉस’ या नियतकालिकात आली.

निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्या जुन्या समजालाही धक्का देणारा होता. किडणाऱ्या आणि न किडणाऱ्या माणसांच्या दातांच्या घडणीत कीड समजावून सांगेल असा फरक सापडला नाही. कीड दाताच्या कठीणपणावर ठरत नाही, तर दाताभोवतीच्या परिस्थितीवर ठरते, असे त्यांनी मांडले. दातावर साचणारा जंतूंचा चिकट थर आणि त्यात तयार होणारे आम्ल यांकडे त्यांचे लक्ष वळले. याचा सरळ अर्थ असा, की फिलिंग कितीही मजबूत असले तरी त्याच्या कडेला तो थर साचत राहिला तर दात पुन्हा किडेल.

त्यांनी निरोगी दातही कापायला का सांगितले?

याच विचारातून १८९१ मध्ये त्यांनी इनॅमलच्या कडा कशा हाताळाव्यात यावर लेख लिहिले. इनॅमल म्हणजे दाताचे सर्वांत कठीण बाह्य कवच आणि त्याखालचा, थोडा लवचीक भाग म्हणजे डेंटिन. ब्लॅक यांचा नियम असा होता, की खड्डा पेटीसारखा करायचा. तळ सपाट, भिंती उभ्या आणि आत थोडी खाच, म्हणजे फिलिंग निसटणार नाही. खाली आधार नसलेले इनॅमल काढून टाकायचे, कारण ते चावताना तुटते. शिवाय खड्डा पुढे नेऊन त्याची कड ब्रश आणि जीभ जिथे सहज पोहोचतात अशा जागी आणायची. यालाच पुढे प्रतिबंधासाठी विस्तार असे नाव पडले.

यात तर्क होता, पण किंमतही होती. फिलिंग दाताला चिकटत नव्हते, म्हणून ते धरून ठेवण्यासाठी निरोगी दातही कापावा लागे. तेव्हा आकार हीच ताकद होती. अमाल्गम दाबाला जबरदस्त, पण ताणाला कमजोर. पातळ थरात ते मोडते म्हणून त्याला जाडी द्यावी लागते आणि जाडीसाठी दात खोदावा लागतो. लाखो दात यामुळे वाचले आणि अनेक दात गरजेपेक्षा जास्त कापलेही गेले. ब्लॅक यांच्या वारशातला हा भाग झाकून चालणार नाही.

१८९७ मध्ये ते शिकागोतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. १९०८ मध्ये ‘ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री’ हा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला. कीड दाताच्या कोणत्या भागात आहे यावरून त्यांनी तिचे पाच वर्ग पाडले. महाराष्ट्रातील बीडीएसचे विद्यार्थी आजही हे वर्ग त्यांच्याच नावाने शिकतात. हत्यारांनाही त्यांनी पात्याची रुंदी, लांबी आणि कोन दाखवणारे आकडे दिले. त्यामुळे एका गावातले हत्यार दुसऱ्या गावातही तसेच मागवता येऊ लागले.

तेव्हा पांढरे फिलिंग नव्हते का?

होते, पण त्यात मोठ्या उणिवा होत्या. पोर्सलीन, म्हणजे चिनी मातीसारखा पदार्थ, भट्टीत भाजून दातावर बसवला जाई. तो सुंदर दिसे, पण ठिसूळ होता. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये सुरू झालेले आणि १९०४ च्या सुमारास जर्मनीतून सुधारून आलेले सिलिकेट सिमेंट हा दुसरा पर्याय. काचेची भुकटी आणि फॉस्फोरिक आम्ल मिसळून ते बने. खड्ड्यात थेट भरता येणारे ते पहिले प्रचलित दाताच्या रंगाचे फिलिंग होते.

हे सिलिकेट तोंडातल्या आम्लात हळूहळू विरघळे, त्याच्या कडा झिजत, डाग पडत. काही वर्षांत ते बदलावे लागे. दाढेत ते भरणे म्हणजे पैसे वाया घालवणेच. पण त्यात एक विचित्र गुण होता. त्याच्या कडेने नवी कीड क्वचितच होई. त्याचे कारण पुढे कळले. काच वितळवताना घातलेल्या क्षारांतला फ्लोराइड सिमेंटमधून झिरपत राही आणि दाताला बळ देई.

ब्लॅक यांच्यानंतर काय बदलले?

तीन मोठे टप्पे आले. पहिला टप्पा १९५५ चा. अमेरिकेतील रोचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर यांनी इनॅमलवर काही सेकंद फॉस्फोरिक आम्ल लावले. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आम्ल वापरतात, तीच कल्पना त्यांनी दातावर आणली. आम्लाने इनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडतात, त्यात राळेसारखा पदार्थ शिरून घट्ट होतो आणि फिलिंग चिकटते. निसटू नये म्हणून दात खोदायची गरजच कमी झाली.

दुसरा टप्पा कॉम्पोझिटचा. रफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाची राळ शोधली आणि १९६२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. या राळेत काच किंवा क्वार्ट्झची बारीक भुकटी मिसळली जाते. दाढेसाठीच्या कॉम्पोझिटमध्ये वजनाने तीन चतुर्थांशाच्या आसपास भुकटीच असते. आज निळा दिवा दाखवून जे फिलिंग कडक करतात, ते हेच.

तिसरा टप्पा लंडनचा. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७० च्या सुमारास सिलिकेटची काच ठेवली, पण फॉस्फोरिक आम्लाऐवजी दाताला चिकटणारे दुसरे आम्ल घातले. हे ग्लास आयोनोमर सिमेंट. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटते आणि फ्लोराइडही सोडते. जुन्या सिलिकेटचा चांगला गुण अशा रीतीने परत आला. पुढे यात राळ मिसळून त्याचा अधिक दणकट प्रकारही निघाला.

आज कोणते पांढरे फिलिंग किती मजबूत?

ब्लॅक यांनी घातलेली मोजण्याची रीत आज आंतरराष्ट्रीय मानकांत पोहोचली आहे. ताकद दोन प्रकारे पाहिली जाते. वरून दाबल्यावर पदार्थ कधी चुरतो, आणि पट्टीसारखा वाकवल्यावर कधी मोडतो. खाली दिलेले आकडे मेगापास्कलमध्ये आणि साधारण पट्ट्यातले आहेत.

दाब सोसण्यात इनॅमल सुमारे ३८० आणि डेंटिन सुमारे ३०० पर्यंत जाते. आजचे अमाल्गम पूर्ण घट्ट झाल्यावर ४०० च्या आसपास किंवा पुढे असते. कॉम्पोझिट २५० ते ४००, म्हणजे दाताच्या तोडीस तोड. ग्लास आयोनोमर मात्र साधारण १०० ते २२०. दात भरण्यासाठीच्या ग्लास आयोनोमरला मानकानुसार किमान १०० तरी गाठावे लागतात.

वाकण्याच्या परीक्षेत फरक आणखी उघड होतो. दाढेसाठीचे कॉम्पोझिट १०० ते १५० पर्यंत टिकते. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागासाठी मानकाची किमान अट ८० आहे. साधे ग्लास आयोनोमर १० ते ४० मध्येच मोडते. राळ मिसळलेले ग्लास आयोनोमर या दोहोंच्या मध्ये, पण साध्याच्या जवळ राहते. म्हणूनच दोन दातांमधली मोठी पोकळी किंवा चावण्याचा थेट भार घेणारी कड साध्या ग्लास आयोनोमरवर सोडत नाहीत.

बाहेर प्रयोगशाळेत बनवून चिकटवल्या जाणाऱ्या वस्तूंचा हिशेब वेगळा. जुन्या प्रकारचे पोर्सलीन वाकवल्यावर १०० च्या आतबाहेर मोडते, लिथियम डायसिलिकेट ३५० ते ४०० च्या पुढे जाते आणि झिरकोनिया ९०० च्याही पुढे. पण हे साधे फिलिंग नव्हे. दात खूप तुटला असेल तेव्हाची ही कॅप किंवा बाहेर घडवलेला तुकडा असतो आणि खर्चही त्या मानाने जास्त असतो.

मग ज्याचा आकडा मोठा तेच चांगले का?

नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने कायमच्या दाढांमधील अमाल्गम आणि कॉम्पोझिटची तुलना २०१४ मध्ये केली आणि २०२१ मध्ये ती अद्ययावत केली. अभ्यास थोडे होते आणि पुराव्याची खात्रीही कमी असल्याचे आढाव्यातच नमूद आहे. तरी चित्र लक्षात घेण्यासारखे आहे. कॉम्पोझिट फिलिंग निकामी होण्याचा धोका अमाल्गमच्या जवळपास दुप्पट निघाला. पण तुटण्याच्या प्रमाणात दोहोंत फारसा फरक नव्हता. कॉम्पोझिट प्रामुख्याने हरले ते कडेला पुन्हा कीड लागल्यामुळे. तो धोका दुपटीहून थोडा अधिक होता.

याचे एक कारण पदार्थाच्या स्वभावात आहे. कॉम्पोझिट कडक होताना आकारमानाने दोन ते तीन टक्के आकसते. ते दाताला चिकटलेले असल्याने कडांवर ओढ पडते आणि फट राहू शकते. म्हणून ते साधारण दोन मिलिमीटरच्या थरांत भरतात आणि प्रत्येक थरावर दिवा धरतात. काम चालू असताना लाळ किंवा रक्त आत आले तर चिकटणे बिघडते. मग यंत्रावर ३५० मेगापास्कल दाखवणारे फिलिंगही तोंडात दोन वर्षांत सुटू शकते. खुर्चीवर कापूस, रबरी पडदा आणि वेळ का लागतो, त्याचे कारण हे.

उलट ग्लास आयोनोमर आकड्यांत मागे असूनही टाकाऊ नाही. हिरडीलगतची कीड, लहान मुलांचे दुधाचे दात, कोरडे ठेवता न येणारी जागा इथे ते कामाचे ठरते. वीज नसलेल्या खेड्यात केवळ हाताच्या हत्यारांनी कीड काढून ते भरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयोनोमरला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले, ते त्यामुळेच.

सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लॅक यांनी याच गोष्टी एकत्र पाहिल्या होत्या. पदार्थाची ताकद, चाव्याचा जोर, खड्ड्याचा आकार आणि फिलिंगची कड. यातला एकच आकडा उचलून उत्तर मिळत नाही.

शेवटच्या वर्षांत त्यांनी काय शोधले?

सत्तरी ओलांडलेले ब्लॅक १९०९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी गेले. फ्रेडरिक मके नावाच्या तरुण दंतवैद्याने तिथल्या लोकांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहिले होते आणि पुस्तकांत त्याचा कुठेच उल्लेख नव्हता. ब्लॅक यांनी त्या दातांचा अभ्यास केला. डाग दात बनत असतानाच पडतात हे दिसले. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे हे कुरूप दिसणारे दात सहसा किडत नव्हते.

कारण कळण्याआधीच ३१ ऑगस्ट १९१५ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी ब्लॅक यांचे निधन झाले. हे संशोधन मके यांच्यासह पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. १९३१ मध्ये गुन्हेगार सापडला, तो म्हणजे पाण्यातला जास्तीचा फ्लोराइड. मोजक्या प्रमाणात तोच दाताचा रक्षक ठरतो, हेही पुढे सिद्ध झाले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातल्या अतिरिक्त फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर असेच डाग दिसतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा आहे. डाग पडलेल्या अशा दातांवर पांढरे फिलिंग करतानाही ते चिकटवायला अधिक काळजी घ्यावी लागते.

यातून आपण काय घ्यायचे?

पांढरे फिलिंग करून घेताना दंतवैद्याला चार गोष्टी विचारायला संकोच नको. पोकळी चावण्याच्या जागी आहे की बाजूला? भरणार ते कॉम्पोझिट आहे की ग्लास आयोनोमर? दाताच्या भिंती फिलिंगला धरून ठेवण्याइतक्या उरल्या आहेत, की कॅप लागेल? आणि कड पुन्हा तपासायला कधी यायचे? दोन दवाखान्यांच्या दरात फरक असेल तर तोही बहुतेक या उत्तरांतच दडलेला असतो. रात्री दात करकर चावण्याची सवय असेल तर तीही सांगावी, कारण तो भार कुठल्याही जेवणापेक्षा मोठा असू शकतो.

ब्लॅक यांचा पुतळा शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये आहे. आयुष्यभर दात भरण्याची हत्यारे, मिश्रणे आणि नियम घडवणाऱ्या या माणसाने १८९६ मध्येच विद्यार्थ्यांना वेगळ्याच दिवसाची वाट पाहायला सांगितले होते. दुरुस्तीपेक्षा प्रतिबंध हेच दंतवैद्याचे मुख्य काम होईल, असा तो दिवस. फिलिंगचे पदार्थ त्यानंतर कितीतरी बदलले. पण यंत्रावर सर्वांत चांगला आकडा दाखवणारे पांढरे फिलिंगही न किडलेल्या दाताची बरोबरी अजून करू शकलेले नाही. रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश त्या दाताला वाचवतो आणि त्याचा खर्च सर्वांत कमी आहे.